दादाच्या रक्तातली बातमी

नोएडा, १२ ऑगस्ट १९९६

चि. सौ. सुनंदास अनेक आशीर्वाद.

इथे घरांना नावं नाहीत, नुसते नंबर. मी आपल्या घराला मनातल्या मनात ‘पारिजात’ म्हणतो. सूनबाई लतिका इस्पितळात अभ्यास करते आहे, की विषाणूची कावीळ सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या रुग्णांना जास्त जड जाते का. तुलनेसाठी निरोगी माणसांचं रक्त हवं होतं. मी चौथीतली कविता म्हणत हात पुढे केला. नर्सने दटावलं की अंकल, बिल्कुल हिलना मत. आणि रिपोर्ट आल्यावर मला निरोगी रांगेतून उठवलं! त्रास काही नाही. पण मी सिकलसेलचा वाहक आहे. हे आईकडून नाहीतर अण्णांकडून आलेलं, म्हणजे तुझ्या नातीत, कृतिकातही असू शकतं. ती आणि तिचा होणारा नवरा पृथ्वीराज दोघंही वाहक निघाले, तर मुलांना खरा आजार होऊ शकतो. साखरपुड्याआधी दोघांना तपासून घे.

रागावलीस तरी लोभ आटू देऊ नकोस.
दत्तूदादा

चंद्रपूर, २० ऑगस्ट

ती. दत्तूदादास कृ. सा. न.

अरे, असलं उघड्या कार्डावर लिहितात? तुझ्या सेक्टरात निळं आंतरदेशीय पत्र मिळत नाही? माझा चष्मा दुरुस्तीला, म्हणून पोस्टमन मारुतरावांनी ओट्यावरच खणखणीत वाचलं. समोरच्या ओट्यावर पृथ्वीराजची आजी तांदूळ निवडत होती, तिचा हात थांबला. स्थळ मोडलं तर? कृतिका काल जेवली नाही.

तरीही लोभ आहे, काय करू!
सुनंदा

नोएडा, २७ ऑगस्ट

चि. सौ. सुनंदास आशीर्वाद.

आंतरदेशीय मिळतं, मुद्दाम घेतलं नाही. बंद पत्र तू डाळीच्या डब्याखाली सरकवलं असतंस. फ्रॉकात होतीस तेव्हापासून ओळखतो तुला. पण मारुतरावांचा आवाज माझ्या हिशेबात नव्हता.

कृतिकाला सांग, लतिकाच्या वॉर्डात अनुष्का आहे, नऊ वर्षांची. सिकलसेल, त्यात कावीळ. मी तिला कविता म्हणून दाखवतो. सांधे दुखले की ती बोटाने थांब म्हणते, मग थोड्या वेळाने पुढची ओळ मागते. तिच्या आईबापांना लग्नाआधी कोणीच काही सांगितलं नव्हतं.

उत्तराची वाट पाहणारा,
दत्तूदादा

चंद्रपूर, ९ सप्टेंबर

ती. दादास कृ. सा. न.

लबाड आहेस. अनुष्काचं वाचून कृतिका तडक समोर गेली आणि पृथ्वीराजला घेऊनच तपासणीला पोचली. ती वाहक निघाली, तो नाही. डॉक्टर म्हणाले, मुलांना आजार होणार नाही; फार तर तुझ्यासारखी वाहक होतील. मी रिपोर्ट घेऊन त्याच्या आजीकडे गेले. ती म्हणाली की रक्ताचं काही नाही, पण लपवलं असतंत तर मात्र स्थळ मोडलं असतं. मी म्हटलं, छे हो, लपवणं माझ्या स्वभावातच नाही.

साखरपुडा २२ तारखेच्या रविवारी. नक्की ये, पण त्या आजीसमोर माझ्या स्वभावाविषयी चकार शब्द काढू नकोस.

लोभ दुप्पट असलेली,
सुनंदा