चुलीपुढं बसलेलं भूत

पुणे, २ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. काकूस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि काका ‘बरं’ म्हणून फोन ठेवून देतात, म्हणून हे पत्र. मी बँकेतली नोकरी सोडली. सिनेमा करते आहे, भुताचा. पहिलाच. पप्पा माझ्याशी बोलत नाहीत, त्यामुळे घरात शांतता आहे.

गोष्ट साधी आहे. विहिरीत गेलेली सून बऱ्याच वर्षांनी तिन्हीसांजेला घरी परत येते. त्यासाठी काकांच्या शेतातलं घर हवं आहे. नटी पुण्याहून आणते, मांत्रिक गावातलाच चालेल. काकांना तूच विचार. मी विचारलं तर ते पप्पांना विचारतील.

लोभ असू द्यावा. या सिनेमाला फुकट मिळेल अशी तेवढी एकच गोष्ट आहे.

तुझी मंजुषा

इंझोरी, ११ नोव्हेंबर

चि. कु. मंजुषास अ. उ. आ.

तुह्यं पत्र भेटलं. तुह्या काकाले इचारलं. त्यायनं लय विचार केला आन् हो म्हटलं. अट एकच, भुतानं उभ्या तुरीतून चालू नये, बांधावरून जावं.

मांत्रिकासाठी गिरणीवाला गोविंदा तयार हाये. दाढी त्याची घरचीच हाये. भुताचे पाय उलटे करू नको, काळ्या मातीत ते पडन.

नोकरी काहून सोडली ते मी इचारत नाई. तुह्या पप्पाचं मन मोठं हाये, फक्त उशिरा उघडते. नटीले तिखट चालते का, ते कळव.

माया हाये, जेवत जाय.

तुही काकू
चतुराबाई

पुणे, १६ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. काकूस,
शि. सा. न. वि. वि.

नटी विंचू पाहून पुण्याला पळाली आणि तिची साडी तू नेसलीस, त्याबद्दल काही बोलायचं राहूनच गेलं. सिनेमा आता जोडून झाला. पैसे घालणारा माझा मित्र अमरदीप म्हणतो की बाकी ठीक आहे, पण भूत भीतीदायक नाही, दमलेलं दिसतं. शेवटचा प्रसंग दुसऱ्या नटीवर पुन्हा करायचा, नाहीतर तो बाहेर पडणार. तसं झालं तर सिनेमा माझ्या लॅपटॉपमध्येच राहील.

काकू, मी तुला किंचाळत कॅमेऱ्याकडे धावायला सांगितलं होतं. तू आत आलीस, विझलेल्या चुलीपुढे बसलीस, पदराने परात पुसलीस आणि बसूनच राहिलीस. मी कॅमेरा थांबवायचं विसरले. तू अशी का बसलीस? तुला ऐकू आलं नव्हतं का?

काकांना नमस्कार. माझ्यावरचा राग असला तर पत्रातच काढावा.

तुझी मंजुषा

इंझोरी, २४ फेब्रुवारी

चि. कु. मंजुषास अ. उ. आ.

ऐकू आलं होतं. पण इतक्या वर्षांनी घरी आलेली बाई कायले वरडन? ती पयले चूल पाहीन.

तू जन्माले यायच्या आधीची गोष्ट. शेजारच्या भिवाजीची बायको होती, भागिरथा. विहिरीत गेली. पाय घसरला असं भिवाजीनं सांगतलं, गावानं मानलं. त्याच्या आदल्या सांजेले ती पोरीले, उज्ज्वलाले, घेऊन माह्या चुलीपुढं अशीच बसली होती. हातावर वळ होते. माही परात पुसून ठेवली आन् गेली. त्या साडीत मले तीच आठवली. मंग धावणं झालं नाई.

काढायचं असन तर काढ, सिनेमा तुहा हाये. पण दुसऱ्या नटीले आमच्या चुलीपुढं बसवू नको.

आमचा जीव तुह्यात हाये, हे वेगळं लिहाले नाई लागत.

तुही काकू

पुणे, ३ मार्च

ती. स्व. काकूस,
शि. सा. न. वि. वि.

प्रसंग ठेवला. अमरदीप बाहेर पडला. पहिला खेळ इंझोरीच्या शाळेत करू. संध्याकाळी तुमच्याकडे वीज नसते, तेव्हा भुताचा सिनेमा भर दुपारी, खिडक्यांना ताडपत्री लावून. पप्पांना कळवलं आहे.

भेटीअंती बोलूच.

तुझी मंजुषा

इंझोरी, २९ मार्च

चि. कु. मंजुषास अ. उ. आ.

शाळेत सिनेमा पाहून लोक हसाले लागले तवा तू उठून बाहेर जीपमध्ये जाऊन बसली आन् तशीच पुण्याले गेली, म्हणून पुढचं लिहून राह्यली. गोविंदाच्या धोतराखालून प्यांट दिसला, त्याले त्याची बायकोबी हसली. तुह्ये पप्पा आले होते. वारा होता म्हणून खिडकीची ताडपत्री त्यायनंच शेवटपर्यंत धरून ठेवली.

मले आवाज समजत नाई, म्हणून मी लोकायचे तोंडं पाहून राह्यली होती. पडद्यावर मी चुलीपुढं बसली आन् हसणं थांबलं. मंग कोणी पडद्याकडे पाहेना. समदे भिवाजीकडे पाहून राह्यले होते. तो उठला. कोणी सरकून वाट देली नाई, कोणी अडवलंबी नाई. तो चपला तिथंच सोडून गेला.

दुसऱ्या दिवशी आमच्या घरी आला. काकाले म्हणे, हा सिनेमा बंद करा, आमची बदनामी होते. तुह्ये काका आन् तो लहानपणापासूनचे सोबती. काकानं त्याले चहा देला. मंग मले चुलीपाशी ऐकू यावं इतक्या मोठ्यानं म्हणाले, “सिनेमा खोटा हाये, भिवाजी. तू काहून भेला?”

तो चहा न पिता गेला. काकाबी त्या दिवशी कामाले गेले नाई.

उज्ज्वला आता सासरी धनजले असते. तिच्यापर्यंत गोष्ट पोचली. तिनं निरोप धाडला की, माह्यापाशी आईचा फोटोबी नाई, ती कशी बसे ते तरी पाहीन, सिनेमा आमच्या गावाले कवा आणता? तुले न इचारता मी हो म्हटलं.

तवा ये. जीपमध्ये बसू नको, माह्याजवळ बस.

तुही काकू
चतुराबाई