मठमातेची चांदी

हेल्मरोडे मठ,
संत मार्टिनच्या सणाचा दुसरा दिवस

प्रिय एक्केहार्टदादा,

सरदाराच्या गढीत थंडी फार असते म्हणतात. लोकरीचे मोजे पाठवतेय. इकडे सफरचंदं उतरवून झाली. करडी गाय व्याली.

सम्राट गेल्यापासून दोन राजे झालेत, आणि तुमच्या सरदाराची तांबं मिसळलेली नाणी गावोगाव फिरतात. त्यापायी शेतकऱ्यांनी धान्य आणणंच बंद केलं होतं. तेव्हा मठमातेनं वेदीवरची चांदीची दीपदानं वितळवायला काढली. मठातल्या सिस्टर रडायला लागल्या. मठमाता म्हणाली, "देवाला मेणबत्ती लाकडावरही दिसते. पाववालीला मात्र चांदीच लागते."

नव्या नाण्याचा ठसा मी कोरला. हसू नकोस. बाबा शेजारी बसून सांगत होते, "हलक्या हातानं, युट्टा. कमळ कोरतेयस, कोबी नव्हे." ठशावर मठमाता आसनावर बसलेली, हातात पुस्तक आणि कमळ. नाणं इतकं पातळ की फुंकरीनं उडेल, पण चांदी शुद्ध. पहिलं नाणं मठमाता स्वतः बाजारात घेऊन गेली. पाववालीनं ते दातांखाली धरलं, मठमातेकडे पाहिलं आणि म्हणाली, "माते, नाक तुमचंच आहे." आणि पाव दिला. आठवड्याभरात धान्याच्या गाड्या आल्या. अशी बाई मी पाहिली नाही, दादा.

बाबांनी स्वतः का कोरला नाही, असं तू विचारणार नाहीस. उन्हाळ्यात सरदाराच्या माणसांनी त्यांना पुलावर अडवलं. सरदाराच्या नावाचा ठसा कोरून दे, म्हणाले. बाबा म्हणाले, "खोट्या चांदीवर माझा हात चालत नाही." त्या माणसांनी तो हातच मोडला. हाड पुन्हा जुळलं नाही. नंतर ताप आला, तो गेलाच नाही.

मठमातेनं विचारलं होतं, "वोलमार, कोण होते?" बाबा म्हणाले, "सगळ्यांनी तोंडं झाकली होती, माते." शेवटपर्यंत तिला तेच सांगितलं.

कुणीच तोंड झाकलं नव्हतं, हे त्यांनी फक्त मला सांगितलं, रविवारी, जाण्याआधी. "एकू मागे उभा होता," म्हणाले; शेवटीही तुला एकूच. "त्याला कळव मी गेलो ते. बाकी काही लिहू नकोस."

मी लिहिलं.

देवळाच्या उत्तरेला, भिंतीलगत पुरलंय त्यांना. ये. सरदाराचा अंगरखा घालून येऊ नकोस.

वोलमारची मुलगी, आणि अजूनही तुझी बहीण,
युट्टा