एकक न लिहिलेली लांबी

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार. (एरवी हा शब्द मी सवयीने लिहितो; आज खरोखरच पालथा पडलो आहे असं समज.) गुडघा कसा आहे? जिने चढू नकोस म्हटलं की तू मुद्दाम चढतेस, हे ठाऊक आहे. माझी तब्येत उत्तम, फक्त तोंड दाखवायला जागा उरलेली नाही.

मागे तुला फुशारकीने सांगितलं होतं ना, की जगभर वापरल्या जाणाऱ्या एका प्रोग्राममध्ये मी चूक पकडली? पदार्थावर उजेड पडला की आतला इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर उडी मारतो. ती उडी केवढी, हे तो प्रोग्राम गणिताने काढतो, आणि त्यावरून पदार्थाचा रंग कळतो. प्रोग्राम फुकट आहे, त्यातली ओळ न् ओळ कुणालाही वाचता येते, आणि तो लिहिणारी माणसं आपापल्या नोकऱ्या सांभाळून लोकांच्या शंकांना उत्तरं देतात. (फुकट मिळालेल्या वस्तूला नावं ठेवायचा आपल्या घराण्याचा हक्क मी पुरेपूर बजावला.) माझा पिवळाधमक स्फटिक त्याने चक्क धातू ठरवला. मी स्वतःची फाईल एकदाही न तपासता त्यांच्या फोरमवर दीड पान ठोकून दिलं, की तुम्हाला साधा पिवळा रंग ओळखता येत नाही, तर हा उपद्व्याप कशाला? तिथे लिहिलेलं पुसता येत नाही. शिवाय ज्यांच्या हाताखाली मी संशोधन करतो त्या मॅडमना छाती फुगवून सांगितलं. त्यांनी विश्वासाने ते येत्या सोमवारच्या भाषणात घातलं. आणि भाषणाला पहिल्या रांगेत बसणार कोण, तर तो प्रोग्राम लिहिणारी मंडळी!

मंगळवारी फोरमवर उत्तर आलं. त्यांच्यातल्या एका गृहस्थांनी रविवारची सुट्टी मोडून माझं सगळं गणित पुन्हा चालवलं होतं. स्फटिकाच्या लांबीपुढे मी एककच लिहिलं नव्हतं. माझ्या मनात अँगस्ट्रॉम हे एकक; प्रोग्राम मुकाट्याने बोर नावाचं दुसरंच एकक धरतो, ते अँगस्ट्रॉमच्या जवळजवळ निम्मं. "तुम्ही स्फटिक सगळीकडून चेपून निम्मा केलात," त्यांनी लिहिलं होतं. "एवढं चेपल्यावर आमचाही रंग उडाला असता. पण पुस्तिकेत ही सूचना ठळक नाही, ती चूक आमची." आत्या, त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. एकक विसरणाऱ्या पोरांचे तू तीस वर्षं अर्धे गुण कापलेस, आणि मी तुझा सख्खा भाचा. लाज वाटते, दुसरं काय लिहू?

तुझा (अजून मानत असशील तर),
भाचा

ता. क. मॅडमना अजून सांगितलेलं नाही. आज शुक्रवार. तीनदा त्यांच्या दारापर्यंत गेलो आणि तिन्ही वेळा पाणी पिऊन परत आलो. पहिलं वाक्य काय म्हणावं, तेवढं लगेच कळव.

ता. क. २. राहू दे. मॅडम आत्ताच टेबलाशी येऊन गेल्या. म्हणाल्या, "तो फोरम मीही वाचते. ते पान मी मंगळवारीच भाषणातून काढलं. चार दिवस नुसती वाट बघतेय, तू कधी येऊन सांगतोस त्याची."