थंडीतले पंखे

उस्ताद, काल आमच्या कारखान्यात नवी यूपीएस बसली. बॅटऱ्यांच्या दोन रांगा, खास क्रेनसाठी. लाईन गेली तरी लटकलेलं ओझं सुखरूप खाली यावं म्हणून. बसवून घ्यायचं काम माझ्याकडे होतं आणि दिवसभर तुम्हीच डोक्यात होता. प्रेमाने नव्हे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझा राग काही जात नाही, म्हणून लिहायला बसलो.

जालन्याच्या त्या लोखंडाच्या कारखान्यात मी तुमच्या हाताखाली नऊ वर्षं काढली. आयटीआयचा कागद घेऊन आलो होतो, पण हात तुम्ही बसवला. जुन्या जालन्यातलं तुमचं ते अरुंद स्वयंपाकघर अजून डोळ्यांसमोर आहे. काकू तव्यावरची ज्वारीची भाकरी थेट ताटात टाकतात आणि तुम्ही म्हणता, "अजून एक घे, लाजून काय राह्यला?" माझ्या लग्नात तुम्ही आहेर म्हणून तारेतली वीज मोजायचा क्लॅम्प मीटर दिलात. सासरची मंडळी तोंडाला पदर लावून हसली. मी मात्र तो मीटर सत्यनारायणाच्या पूजेत मांडला होता. इतका मी तुमचा होतो.

आणि ते पंखे. लाईन गेली की कारखाना जनरेटरवर यायचा. डिझेल जळतं म्हणून शेठजींचा हुकूम होता की फक्त क्रेन आणि दिवे चालवायचे. पण क्रेनने लोखंडाचा जड रोल खाली सोडायचा असला की तुम्ही आधी शेडमधले दहाही मोठे पंखे लावायचात, माणसाच्या उंचीचे. शेठजी कुरकुरले तर म्हणायचात, "माणसायला हवा लागू द्या, शेठ. भट्टीपाशी मरून राह्यलेत बिचारे." सगळे कामगार तुम्हाला दुवा द्यायचे. मी घरी जाऊन बायकोला सांगायचो, आमचे उस्ताद देवमाणूस आहेत.

मग ती डिसेंबरची सकाळ. तुम्ही जांब समर्थला दर्शनाला गेला होता आणि शेड माझ्यावर सोपवली होती. लाईन गेली, जनरेटर लागला, रोल वर लटकलेला. मी पंख्यांच्या बटणाकडे हात नेला, तेवढ्यात खालचा माणूस म्हणाला, "पंखे नका लावू साहेब, आधीच काकडून गेलोत." दोन-चार जणांनी माना हलवल्या. तुम्ही माणसांसाठीच पंखे लावायचात ना? मग माणसांसाठीच मी ते बंद ठेवले. रोल खाली येऊ लागला. जनरेटरचा आवाज एकदम चढला, दिवे पांढरेफटक झाले, पॅनेलमधून फटफट आवाज आणि जळका वास आला. जनरेटर बंद पडला, क्रेनचा ब्रेक धाडकन लागला, रोल झोका घेऊन खांबावर आदळला. खालचा माणूस वेळेवर मागे उडाला म्हणून वाचला, नाहीतर आज हे पत्र मी तुम्हाला नसतं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात शेठजींनी आपल्या दोघांना उभं केलं. मला वाटलं, तुम्ही सांभाळून घ्याल. तुम्ही माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मी ह्याला बराबर सांगितलं होतं शेठ, पंखे लावल्याबिगर ओझं सोडू नको म्हणून. यानं ऐकलं न्हाई, मंग मी काय करू?" असं तुम्ही कधीच सांगितलं नव्हतं, पण तुमच्यासमोर तोंड उघडायची सवयच नव्हती. संध्याकाळी माझा हिशेब झाला आणि पुढचं दीड वर्ष 'तो, ज्यानं माणूस मारला असता' म्हणून मला कुणी दारात उभं केलं नाही.

खरं कारण मला खूप पुढे कळलं, दुसऱ्या कारखान्यात, क्रेन बसवायला आलेल्या एका इंजिनिअरकडून. ओझं खाली येताना मोटार वीज खात नाही, उलट तयार करते आणि आलेल्या वाटेने परत पाठवते. लाईन असली की ती कुठेही मुरते. जनरेटर एकटा असला तर ती त्याच्याच अंगावर येते. ती खायला कुणीतरी हवं, म्हणून पंखे! दहा मिनिटं लागली त्याला समजावायला. नऊ वर्षांत तुम्हाला दहा मिनिटं मिळाली नाहीत? का भीती वाटली, मला हे कळलं तर शेठजींना तुमची गरज उरणार नाही? मागितली असती तर नोकरीच तुमच्या पायाशी ठेवली असती मी. आणि त्या माणसांची हवा, उस्ताद, तेही खोटंच होतं. ते मला सगळ्यात जास्त लागलं.

काल यूपीएसवाल्यांना मी अडवलं. म्हटलं, बॅटरी भरलेली असली तर ही उलटी वीज ती घेणार नाही, आधी ती वीज जाळून टाकणारी रेझिस्टरची जाळी बसवा, मगच मी सही करीन. ती बसवून घेतली, आणि कारण साध्या मराठीत लिहून पॅनेलच्या दारावर चिकटवलं, कुणालाही वाचता येईल असं. मॅनेजरसाहेब खूश झाले. सगळ्यांसमोर विचारलं, "हे तुम्हाला शिकवलं कोणी?"

मी तुमचं नाव सांगितलं. माफ केलं म्हणून नाही. ज्याच्या घरी नऊ वर्षं जेवलो त्याने मला हे शिकवलं नाही, हे चार माणसांत सांगायची मला लाज वाटली.