पोलादाला पाणी देताना

आप्पा,

भट्टीजवळची पाण्याची डोणी भरून झाली होती. आडावरून घागरी आणून मी तिच्यात ओतल्या, वर तरंगणारी कोळशाची भुकटी ओंजळीने काढून टाकली. भट्टीतली कालची राख ओढून घेतली, कोळसा फोडून बोराएवढा केला, ऐरणीवरून ओला फडका फिरवला. तुम्ही दारात बसून राखुंडीने दात घासत होता आणि रस्त्याने निपाणीकडे जाणाऱ्या तंबाखूच्या गाड्या बघत होता. मग तुम्ही आत आलात, मी भात्याला बसले. ऊन अंगणात उतरेपर्यंत कोयत्याचं लोखंड लाल झालं. तुम्ही सांडशीत धरून ते ऐरणीवर ठेवलंत, हातोडीने जागा दाखवलीत, मी घण मारला. तुम्ही दाखवायचं, मी मारायचं. आपण दोघं कामात बोलत नव्हतो आणि बोलावं लागतही नव्हतं. कोयता आकाराला आला, कानशीने घासून झाला, शेवटचा तापवला. आणि मग रोजच्यासारखं, माझ्याकडे न बघता, तुम्ही म्हणालात, "भायेर जा."

मी बाहेर गेले. घरामागच्या परड्यात, भिंतीला पाठ लावून उभी राहिले. आतून चर्र असा आवाज आला.

काल बाजारात एका म्हाताऱ्याने मी केलेला कोयता अंगठ्यावर लावून बघितला आणि शेजारच्याला म्हणाला, "बापाचा हात उतरलाय बघ पोरीत." लोक हे मला इतकी वर्षं सांगत आले आहेत आणि मी हसून मान डोलवत आले आहे. कालही हसले. पण घरी येईपर्यंत माझं डोकं भट्टीसारखं झालं होतं. तुमचा हात माझ्यात कसा उतरेल, आप्पा? तुम्ही तो भिंतीच्या पलीकडे ठेवला होतात. म्हणून हे लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन आता किती वर्षं झाली हे मोजत नाही. राग मात्र कालचा वाटतो.

मी परकर नेसत होते तेव्हा डोणीच्या काठावर हनुवटी टेकून उभी असायचे. तापलेलं पातं पाण्यात गेलं की तोंडावर वाफ यायची, मी ओरडायचे आणि तुम्ही हसायचा. काय होतंय हे बघायचं माझं वय नव्हतं, मी वाफच बघत होते. मग लग्न करून सदलग्याला गेले. तापाच्या साथीत ते गेले, पोटी काही नव्हतं. दिरांनी मला गाडीत बसवून आणून तुमच्या दारात उतरवलं. तुम्ही एक शब्द विचारला नाहीत. दुसऱ्या दिवशी माझ्या हातात घण दिलात. गावात लोक कुजबुजले, तुम्ही त्यांच्याकडे लक्ष दिलं नाहीत. त्याबद्दल मी आजही तुम्हाला वाईट बोलणार नाही. बाकी सगळ्याबद्दल बोलणार आहे.

कारण त्याच दिवसापासून तापलेलं लोखंड बुडवून कडक करायच्या, पाणी द्यायच्या वेळी मला बाहेर काढणं सुरू झालं. का, ते तुम्ही सांगितलं नाहीत. सांगायला लागत नव्हतं. विधवेची सावली डोणीत पडली की पातं फुटतं, हे आपल्या लोकांत सगळ्यांना ठाऊक होतं. ती डोणी मीच भरत होते. त्यातला गाळ मीच काढत होते. माझे हात त्या पाण्यात कोपरापर्यंत बुडत होते, तेव्हा कुणाचं काही फुटत नव्हतं. घण मारायला माझी सावली चालत होती. तंबाखूच्या वखारीतल्या रद्दीच्या कागदांवर अक्षर अक्षर लावून मी वाचायला शिकले, तेव्हा तर तुम्ही गिऱ्हाइकांना अभिमानाने सांगायचा, "आमची आक्का पेपर वाचती." मग मला भट्टीजवळ बसवून मोठ्याने वाचायला लावायचा. तिथे बसून मी दूरदूरच्या मुलखातल्या बातम्या वाचून दाखवल्या. वाचत असताना पातं शेवटचं लाल झालं की तुम्ही म्हणायचा, "ऱ्हाऊ दे आता." मी कागदाची घडी घालून बाहेर जायचे. बातमी अर्धी राहायची.

भिंतीला पाठ लावून मी ऐकायचे. बघायला मिळत नव्हतं म्हणून ऐकायचे. आधी चर्र. मग शांत. मग दगडावर काहीतरी घासल्यासारखं. मग पुष्कळ वेळ काहीच नाही. मग पुन्हा एकदा चर्र, पहिल्यापेक्षा लहान. मग तुमचं खाकरणं, म्हणजे आत यायला हरकत नाही. वर्षानुवर्षं मी हे ऐकलं. कोयत्याचं शांत राहणं किती आणि पहारीचं किती, हे मला झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. मला वाटायचं, लोखंड त्या वेळात पाण्यात पडून निवतंय आणि तोवर तुम्ही दगडावर दुसरं काही घासताय. दुसरं चर्र म्हणजे दुसरं टोक बुडवलं. असंच असणार. दुसरं काय असणार?

शेवटच्या आजारात मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्हाला आठवत असेल नसेल. तोंडात पेज घालता घालता विचारलं, "आप्पा, पाणी कसं द्यायचं तेवढं सांगा. मी काय बघणार न्हाय, नुसतं सांगा." तुम्ही भिंतीकडे तोंड फिरवलंत. मग माझ्या चुलतभावाला बोलावून घेतलंत आणि माझ्यादेखत त्याला म्हणालात, "भट्टी चालती हाय तवर हिला ऱ्हाऊ दे. काम बंद पडलं की ऐरण तुझी." तो बेळगावात मोटारीच्या कारखान्यात कामाला. त्याला ऐरण वापरायला नको होती, विकायला हवी होती. आणि काम बंद कसं पडणार नाही? पाण्याशिवाय लोहार काय करणार, खिळे? ज्या गोष्टीवाचून भट्टी चालत नाही ती मला द्यायची नाही, आणि भट्टी चालली नाही तर ऐरण न्यायची. हे तुम्ही शुद्धीवर असताना ठरवलंत. यासाठी मी तुम्हाला माफ केलेलं नाही.

तुमचे दिवस घालून झाल्यावर कणकुंबीकडचा तो माणूस आला. जंगलात लाकूड तोडणाऱ्या टोळीचा मुकादम, तुमचं जुनं गिऱ्हाईक, काळा, रुंद, मनगटावर कुऱ्हाडीची जुनी खूण. सोबत मोडक्या मोटारीच्या स्प्रिंगचा पाटा आणि एक जाड पोलादी दांडा घेऊन आला होता. त्याला जाड पाठीचा कोयता हवा होता, फांद्या एका घावात उतरवायला. आणि कटावणी हवी होती, पुढे चपटी आणि जराशी वाकलेली, ओंडके उलटवायला. तुम्ही गेल्याचं ऐकून तो डोक्याचं मुंडासं काढून थोडा वेळ उंबऱ्यावर बसला. मग म्हणाला, "मग आता हे कोण करणार?"

मी म्हणाले, "मी."

त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "कर. तुझा घण मी बघितलाय."

आयुष्यात पहिल्यांदा मी सांडशी डाव्या हातात धरली. घण मारणं आणि हातोडी चालवणं यात किती फरक आहे हे तेव्हा कळलं. घण मारणाऱ्याला एवढंच ठाऊक असतं की दाखवतील तिथे मारायचं. दाखवायचं कुठे, हे डोकं माझ्याकडे नव्हतं. पाटा एकीकडे ताणला की दुसरीकडे वाकायचा. कोयत्याची पाठ नागमोडी झाली, ती सरळ करताना धार पातळ झाली, मग तेवढा तुकडा तोडून पुन्हा तापवला. कटावणीचं टोक एकदा तर भट्टीतच जळालं, ठिणग्या फुटून आत ओघळलं. हाताची सालं निघाली. तरी आकार आला. मग मी डोणी भरली, दार लावून घेतलं, आणि जसं ऐकलं होतं तसं पाणी दिलं. चर्र. पाण्यातच राहू दिलं. मनात ते शांत राहणं म्हटलं, जेवढं कटावणीचं असायचं तेवढं. मग दुसरं टोक. आवाज अगदी तुमच्यासारखा आला. मला इतका आनंद झाला की मी एकटीच हसले.

थोड्या दिवसांनी तो माणूस परत आला. हाताच्या दंडाला चिंधी बांधलेली. त्याने कटावणी माझ्यापुढे टाकली. टोक तुटलेलं, तुटलेल्या जागी साखरेसारखं चमकत होतं. त्याची कपची उडून दंडात शिरली होती. कोयत्याच्या धारेला दाते पडले होते.

"बाई, ही कटावणी हाय का काच?" तो ओरडला. "वर जरा सरकली असती तर डोळा गेलता माझा!"

तो कोयता उलटासुलटा करून बघत राहिला. मग त्याचा आवाज उतरला. "घडण चांगली हाय. पाण्यात चुकलीस. तुझा बाप कसा करायचा ते बघितलं न्हाईस व्हय?"

"न्हाय."

"न्हाय? अगं, आम्ही बिडी वढत हितंच हुबं असायचो की!" त्याने डोणीच्या काठावर हात आपटला. "नुसतं टोक बुडवायचा, लगेच भायेर. पाण्यात ठेवायचाच न्हाई. दगडावर घासून पांढरं करायचा अन् बघत बसायचा. मागच्या धगीनं रंग चढत येतो न्हवं टोकाकडं? आधी वाळल्या गवतासारखा, मग जांभळा, मग निळा. कोयता असला तर जांभळा व्हायच्या आतच पाण्यात. पहार असली तर निळा येऊ द्यायचा. आम्ही बोटांच्या खुणेनं पैज लावायचो, आता बुडवतो का मग बुडवतो. सगळ्यांनी बघितलंय. तुलाच कसं ठावं न्हाय?"

आप्पा, हे वाचताना तुम्ही कुठे असाल ते असा, पण इथे थांबा. मला वाटायचं, तेवढ्या वेळापुरते तुम्ही गिऱ्हाइकांनाही रस्त्यावर काढत असाल. मी समजत होते की ती आपल्या घराण्याची विद्या आहे. वाडवडिलांनी जपलेली, मंतरलेली, बाईच्या कानावर पडू नये अशी. आणि ती रस्त्याने जाणारा प्रत्येक बाप्या बघत होता. मुकादम, गाडीवान, वखारीतला हमाल, ज्यांना लोखंडाशी काही घेणंदेणं नव्हतं, ते बिडीची राख तुमच्या जमिनीवर झाडत उभे असायचे आणि पैजा लावायचे. तो शांत वेळ, जो मी भिंतीला कान लावून पाठ केला, त्या वेळात तुम्ही त्यांच्याशी गप्पा न मारता रंग बघत बसलेले असायचा आणि ते सगळे तुमच्यासोबत बघत असायचे. लपवलेलं काहीच नव्हतं. फक्त मी बाहेर होते. तुम्ही विद्या जपली असतीत तर मी समजून घेतलं असतं. तुम्ही मला वगळलंत.

चुलतभाऊ तेव्हा सुट्टीला गावात आला होता, त्याला कटावणी तुटल्याचं कुणी कळवलं कोण जाणे. संध्याकाळच्या आत तो बैलगाडी ठरवून दारात. "आक्का, मी वंगाळ सांगत न्हाय. लोकांचं हातपाय तुटायच्या आधी बंद कर. वखारीत पानं निवडायला बायका लागत्यात."

मुकादमाने त्याच्याकडे बघून विचारलं, "ह्यो कोण?" मी सांगितलं. तो म्हणाला, "गाडी थांबू दे. ठरलेलं भाडं मी देतो. घण कुठाय?"

दंडाला चिंधी असलेल्या माणसाने घण उचलला. तुटलेली कटावणी तापवून मी दाखवलं, त्याने मारला, नवं टोक निघालं. दार उघडंच ठेवलं होतं. गल्लीतले लोक जमले, गाडीवानही बैल सोडून आला. टोक तापवलं, नुसतं बोटभर बुडवलं, बाहेर काढलं, दगडावर घासलं. आणि रंग आला. आप्पा, तो किती हळू येतो आणि मग एकदम किती घाईने येतो! गवताचा पिवळा टोकाकडे सरकला, त्याच्यामागे तांबूस, जांभळा, आणि मग मोराच्या मानेचा निळा. इतकं देखणं काही मी आयुष्यात बघितलं नव्हतं आणि हे माझ्याच घरात दररोज होत होतं. मी बुडवली. मुकादमाने कटावणी निवायची वाट बघितली, अंगणातल्या मोठ्या धोंड्याखाली टोक घातलं आणि अंगचं सगळं वजन टाकून दाबली. दांडा वाकला, धोंडा उठला, टोक तसंच राहिलं. चुलतभाऊ रिकामी गाडी घेऊन गेला. ऐरण अजून इथेच आहे.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. कटावणी टिकली आणि लोक ओरडले, तेव्हा मी मुकादमाकडे बघितलं नाही, भावाकडेही नाही. मी मान वळवून तुमच्या बसायच्या दगडाकडे बघितलं. तुम्ही बघितलंत का, हे बघायला. एवढं सगळं करूनही मला तुमचंच तोंड बघायचं होतं. माझा सगळ्यात मोठा राग त्याचाच आहे. तुम्हाला नेलं त्या दिवशी मी रडले नव्हते, बायका मला नावं ठेवत होत्या.

आपल्यात फक्त अमावास्येला भट्टी बंद ठेवतात. दुसऱ्या दिवशी अमावास्या नव्हती. मी भट्टी पेटवली नाही, दार लावून घेतलं आणि दिवसभर तुमच्यासाठी रडले.