कार्बनचे दाणे कुणी खाल्ले?

प्रिय धाकट्या,

ताईचे भरभरून आशीर्वाद. तुझा गुडघा आणि तुझ्या बायकोची कंबर, दोघांची खुशाली कळव. मी ठणठणीत आहे (कान सोडून).

“लेक या खेपेलाही रसायनात नापास झाली तर तिला तुझ्याकडून घरी घेऊन येईन,” अशी धमकी तू दिलीस. वा रे वा! स्वतःचे दिवस विसरलास? कार्बोकॅटायन, कार्बॅनायन, फ्री रॅडिकल आणि कार्बीन ही चार भावंडं तुला काही केल्या ओळखू यायची नाहीत. शेवटी मी कार्बन म्हणून कणकेचे गोळे वळले, बंध म्हणून त्यांना काड्यांचे हात खोचले आणि इलेक्ट्रॉन म्हणून शेंगदाणे टोचले. (बाबा म्हणाले, पोरगी हुशार आहे, आई म्हणाली, कणीक वाया गेली.) तीन हात, दोन दाणे म्हणजे कार्बॅनायन, भार ऋण. माझी पाठ वळली की तू एक दाणा गट्टम करायचास, झाला फ्री रॅडिकल. दुसराही मटकावलास की कार्बोकॅटायन, भार धन! आणि वर साळसूदपणे मलाच विचारायचास, “ताई, हा मघाशी ऋण होता ना?” काय दिवस होते रे! हसून हसून पोट दुखायचं. तसं भरलेलं स्वयंपाकघर मला पुन्हा लाभलं नाही, ते तुझी लेक इथे राहायला येईपर्यंत.

परवा तिच्यासाठी तोच थाट मांडला. समजावता समजावता बघते तर कार्बॅनायनचे दोन्ही दाणे गायब! मी कडाडले, “अगदी बापावर गेलीस!” ती शांतपणे म्हणाली, “आत्या, तूच खाल्लेस.” खरंच की, दाणा अजून माझ्याच तोंडात होता! मग तिनेच मला शिकवलं, की नुसते दाणे मोजून भागत नाही, हातही मोजायचे; दोन हात, दोन दाणे म्हणजे कार्बीन, त्याच्यावर भार नाही. (तू त्याला जन्मभर कार्बॅनायन म्हणत आलास.) तेव्हा उगाच पोरीच्या मागे लागू नकोस.

तुझी,
ताई

ता. क. पोरगी पास होणार, चांगली होणार. मग पुढचं शिकायला मोठ्या शहरात जाणार, तिचं पक्कं ठरलंय. नापास झाली तर तू नेणार. म्हणजे काही झालं तरी माझं घर रिकामंच.

आणखी एक. ती पास व्हावी म्हणून मी रोज हात जोडते, आणि मग डोळे पुसते. निकालाला तू इथे ये रे. तिला हसत निरोप द्यायचाय मला, आणि ते एकटीला जमायचं नाही.