चाळीस हजार झाले की बदलू

६ एप्रिल, सोमवार
सकाळी पिकअप चालू होताना खोकली. गॅरेजवाले अन्सारीभाई म्हणाले, सेठ, प्लग खतम है, बदल लो. यांचं काय, बोनेट उघडं दिसलं की हात शिवशिवतात. घरी येऊन गाडीचं पुस्तक काढलं. स्पार्क प्लग चाळीस हजार किलोमीटरला बदला, असं स्वच्छ छापलंय. माझं मीटर ३८,४१२. अजून वेळ आहे. कंपनीपेक्षा अन्सारीभाई शहाणे का?

संध्याकाळी ताईकडे बैठक. भाचीचं, भाविकाचं लग्न. २६ ला हळद. धवलारीण गोदू आजी पडघ्याच्या पुढे राहते. तिनं येऊन धवला गायल्याशिवाय आमच्यात नवरीला हळद लागत नाही. भाविकाचा भाऊ कुणाल म्हणाला, आजीला आणायला कार बुक करतो. मी म्हटलं, मामा जिवंत असताना भाड्याची गाडी? माझी पिकअप आणेल. सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. भारावले असावेत.

खरी गोष्ट इथेच लिहितो. आजी गाण्यात घरच्यांची नावं गुंफते. मागच्या लग्नात नवऱ्याकडच्या कुत्र्याचं नाव आलं, माझं आलं नाही. ते मनाला लागलंय. आता ती पूर्ण रस्ताभर माझ्या शेजारी बसणार. नाव कसं येत नाही बघतो.

९ एप्रिल
गोडाऊनचा माल घेऊन पडघ्याला, तिथून परत काल्हेर. मीटर ३८,४१२.

हलकं पाऊल ठेवून गाडी चालवली की किलोमीटर वाचतात. हे कुठल्या ड्रायव्हिंग स्कूलात शिकवत नाहीत.

१२ एप्रिल, रविवार
कमळाला घेऊन वज्रेश्वरीला देवीला जाऊन आलो. मीटर ३८,४१२. बायकोला अभिमानानं दाखवलं. ती म्हणाली, अहो, तो मीटर गेले गणपतीपासून मेलाय, काटा तरी हलतोय काय? काटा हलत नाही कारण मी धक्के न देता चालवतो. पण बायकांना मशीनमधलं काय सांगायचं.

परत येताना अंबाडीच्या चढावर गाडीनं आचके दिले. सुताच्या गाठी लादलेली तीनचाकी ओव्हरटेक करून गेली, वर हॉर्नही मारला. पंपावरच्या सीएनजी गॅसमध्ये भेसळ असणार.

१५ एप्रिल
निश्चय केला. प्लग बदलायचे नाहीत, साफ करायचे. दात किडले म्हणून कोणी नवीन जबडा आणतं का? तीन प्लग काढून ब्रशनं घासले. चौथा निघेना. एवढा घट्ट बसलाय म्हणजे तो चांगलाच असणार. एक हातातून पडला, पांढऱ्या भागाचा टवका उडाला. आत बसवल्यावर दिसत नाही.

ब्रश कमळाचा होता. यावर तिनं जे ऐकवलं ते लिहीत नाही.

१९ एप्रिल
कमळा स्वतः बाजारात जाऊन चार नवे प्लग घेऊन आली. म्हणाली, पोरीची हळद हाय, हट्ट सोरा आता. मी खोका डॅशबोर्डच्या कप्प्यात नीट ठेवला. चाळीस हजार झाले की त्याच दिवशी घालेन. आधी घालणं म्हणजे चांगल्या वस्तूची नासाडी. मीटर ३८,४१२.

२५ एप्रिल
गाडी धुतली. झेंडूची माळ घातली. आचके वाढलेत, पण लयीत आहेत. आजीला गाण्याला ठेका मिळेल.

२६ एप्रिल, दुपार
निघतोय. नवा सदरा. कुणालनं परत विचारलं, मामा, कार पाठवू का? हसलो फक्त.

२७ एप्रिल
लिहायचं मन नाही. पण लिहितो.

आजीला घेतलं. पडघा सुटला आणि गाडीनं मोठा आचका देऊन मान टाकली. ताईचे फोनवर फोन. मांडवात पाहुणे ताटकळलेले, नवरी पाटावर बसलेली. मी बोनेट उघडून गंभीरपणे बघत राहिलो. तेवढ्यात आजीनं तंबाखूची पुडी शोधायला कप्पा उघडला. खोका काढून म्हणाली, ह्या काय रं? म्हटलं, नवीन प्लग. मंग घालत का न्हाय? मी चाळीस हजाराचा नियम समजावून सांगितला. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग मीटरकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग पदर खोचून रस्त्यात उभी राहिली आणि पाण्याचा टँकर थांबवून त्यात चढून गेली. खोका घेऊन गेली.

मला कुणालच्या भाड्याच्या कारनं दोरी बांधून ओढत आणलं. माळेसकट. मांडवाजवळ येईपर्यंत गाणं ऐकू यायला लागलं. आजी सांगत होती, शंभर बायका मागून म्हणत होत्या:

केसरीनाथ मामाचे गारीला काय झाला गो,
मामाचा चालीस हजार न्हाय झाला गो!

नाव आलं. प्रत्येक कडव्यात आलं. डीजेवाल्यानंही धरलं. मेलो असतो तर बरं, असं वाटलं. पाटावर भाविका हळदीनं माखलेली, हातात तो खोका, आणि हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी. मला बघून हात केला, मामा, ये ना रे. गेलो. दोन्ही गालांना हळद लावली. अशी हसणारी पोर उद्या दुसऱ्याच्या घरी जाणार, हे तोवर डोक्यातच आलं नव्हतं.

३० एप्रिल
अन्सारीभाईंनी प्लग घातले. चौथा काढताना अर्धा तास शिव्या दिल्या. कमळानं मीटरची तुटलेली वायरही जोडून घेतली. पडघ्याला जाऊन आलो. गाडी लोण्यासारखी चालते, पण मीटर भराभर पळायला लागलंय. नवे प्लग घातले की किलोमीटर जास्त जळतात, हेच मी सांगत होतो.

कमळा शेजारी बसून जातायेता तेच गाणं म्हणत होती. तिसऱ्या कडव्याला मीही धरलं. चाल चांगली आहे.